घटक ४ : 'ही कोण?' – राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आणि रहस्यपटातील ओळखीचा प्रश्न

४.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन पूर्ण केल्यानंतर आपणांस –
• रहस्य, उत्कंठा आणि धक्का या तीन संज्ञांतील फरक सोदाहरण सांगता येईल.
• 'पाठलाग' (१९६४) या चित्रपटाच्या कथानकाची बांधणी स्पष्ट करता येईल.
• राजा परांजपे यांच्या चित्रपटांत पुनःपुन्हा येणारे आशयसूत्र ओळखता येईल.
• माणसाची ओळख भाषेतून कशी सिद्ध होते आणि कोठे सिद्ध होत नाही, याचा विचार करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण कादंबरीतील कथानकाचा अभ्यास केला. या घटकात एका कादंबरीवरून निघालेला मराठी चित्रपट आपण अभ्यासासाठी घेत आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात चित्रपट कशाला, असे काहींना वाटेल. चित्रपट हीसुद्धा एक संहिता आहे. तिला कथानक असते, निवेदनाची पद्धत असते आणि तिच्यातील पात्रे बोलतात. आपण निवडलेल्या चित्रपटात तर पात्रांच्या बोलण्यावरच एका स्त्रीचे प्राण अवलंबून आहेत.

रहस्यपटाची जी परंपरा आहे, तिच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची आपल्याला सवय असते. पण समर्थ दिग्दर्शक त्याच त्या भयाकडे पुनःपुन्हा वळतो, तेव्हा त्या भयाच्या तळाशी समाजाचा एखादा खरा प्रश्न असतो. 'पाठलाग'च्या तळाशी असलेला प्रश्न असा : एखादी व्यक्ती 'तीच' आहे, हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारे?

एक सूचना आरंभीच करावी लागेल. विवेचनासाठी चित्रपटाचे रहस्य पुढे उघड करावे लागणार आहे. ज्यांना ते आधी कळू नये असे वाटते, त्यांनी विभाग ४.५ कडे वळण्यापूर्वी चित्रपट पाहून घ्यावा.

४.३ रहस्य, उत्कंठा आणि धक्का : संज्ञांचा विचार

दैनंदिन बोलण्यात आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. अभ्यासात मात्र त्यांची वाटणी करावी लागते, आणि ती करताना शब्दांच्या व्युत्पत्तीची मदत होते.

'रहस्य' हा शब्द संस्कृतातील 'रहस्' या शब्दापासून आला आहे. 'रहस्' म्हणजे एकांत. जे एकांतात घडते, चारचौघांत बोलले जात नाही, ते रहस्य. 'उत्कंठा' या शब्दात 'उत्' आणि 'कंठ' असे दोन घटक आहेत. मान उंचावून, टाचा वर करून वाट पाहणाऱ्या माणसाचे चित्रच या शब्दात आहे. 'थरार' हा शब्द 'थरथरणे' याच्या कुळातील आहे. तो मनापेक्षा शरीराची अवस्था सांगतो. म्हणजे रहस्य कथेत असते, उत्कंठा प्रेक्षकाच्या मनात असते आणि थरार त्याच्या अंगावर उमटतो.

आता एक उदाहरण घेऊ. आपल्या भागातील एक शेतकरी कापूस विकून, पैशांची पिशवी घेऊन एस.टी.ने गावी परतत आहे. प्रवासात त्याचा डोळा लागतो. घरी येऊन तो पिशवी उघडतो, तर आत रद्दी कागद! प्रेक्षक दचकतो. हा झाला धक्का. तो क्षणभर टिकतो.

हीच गोष्ट दुसऱ्या प्रकारे सांगू. शेतकरी झोपेत असताना शेजारच्या प्रवाशाने पिशवी बदललेली आपण पाहिली आहे. शेतकऱ्याला मात्र काहीच ठाऊक नाही. तो थांब्यावर उतरतो. वाटेत भेटलेल्या सावकाराला उद्या सगळे देणे चुकते करतो असे सांगतो, मुलीच्या लग्नाची तारीख पक्की करतो, हसतमुखाने घराची पायरी चढतो. त्याच्या प्रत्येक वाक्यासरशी आपल्या पोटात खड्डा पडतो. ही उत्कंठा. घटना तीच आहे; फरक पडला तो कोणाला काय आणि केव्हा ठाऊक आहे, यामुळे. माहितीच्या या वाटपाला आपण 'ज्ञानाचे वाटप' असे म्हणू.

हा भेद ज्याने सर्वांत ठसठशीतपणे मांडला, तो दिग्दर्शक म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याने १९६२ मध्ये त्याच्याशी प्रदीर्घ संवाद केला आणि तो पुढे १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. टेबलाखाली ठेवलेल्या बॉम्बचे उदाहरण देऊन हिचकॉकने त्यात सांगितले की, बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही जीवघेण्या होतात.

४.४ रहस्यकथेचे तीन प्रश्न

व्याकरणाच्या अंगाने पाहिले, तर या प्रकारच्या कथा तीन प्रश्नवाक्यांभोवती रचलेल्या दिसतात.

पहिला प्रश्न – 'कोणी केले?' हा गुप्तहेरकथेचा प्रश्न आहे. मराठी वाचकाला तो बाबूराव अर्नाळकर यांनी चांगलाच परिचित करून दिला. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांच्या धनंजय, झुंजार यांसारख्या नायकांनी मराठी वाचकांच्या काही पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. येथे कृत्य ज्ञात असते, कर्ता अज्ञात असतो.

दुसरा प्रश्न – 'आता काय होईल?' हा उत्कंठापटाचा प्रश्न होय. कर्ताही ठाऊक असतो, धोकाही ठाऊक असतो; अनिश्चित असतो तो भविष्यकाळ.

तिसरा प्रश्न – 'ही कोण?' या वाक्यात क्रियापदच नाही. कृत्याचा किंवा परिणामाचा हा प्रश्न नव्हे. हा अस्तित्वाचा प्रश्न आहे. 'ही' हे दर्शक सर्वनाम आहे. व्यक्ती समोर उभी आहे, तिच्याकडे बोट दाखवता येते. पण त्या बोटाला जोडायचे नाव सापडत नाही.

येथे आपल्या बोलीची एक लकब लक्षात घेण्याजोगी आहे. वर्धा-नागपूर भागात 'हे कोन होय?' असा प्रश्न सहज कानी पडतो. प्रमाण मराठीच्या रोजच्या बोलण्यात 'आहे' हे एकच रूप 'ती घरी आहे' आणि 'ती माझी बहीण आहे' या दोन्ही ठिकाणी चालते. पहिल्या वाक्यात स्थिती सांगितली आहे, दुसऱ्यात ओळख. ग्रांथिक मराठी ओळखीसाठी 'होय' राखून ठेवते आणि आपली बोलीही तसे करते. जिला अशुद्ध म्हणून हिणवले जाते, ती बोली येथे अधिक काटेकोर आहे. 'पाठलाग'मधील स्त्रीबाबत 'ती आहे का?' हा प्रश्नच नाही. ती डोळ्यांसमोर आहे. प्रश्न आहे तो 'ती कोण होय?' हा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) 'रहस्य' या शब्दाच्या मुळाशी कोणता अर्थ आहे?
(आ) धक्का आणि उत्कंठा यांतील फरक कशामुळे पडतो?
(इ) 'ही कोण?' या वाक्याचे व्याकरणिक वैशिष्ट्य कोणते?

४.५ 'पाठलाग' : परिचय आणि कथानक

'पाठलाग' हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारित आहे. दिग्दर्शक राजा परांजपे (१९१०–१९७९). प्रमुख भूमिकांत डॉ. काशीनाथ घाणेकर आणि भावना. गीते ग. दि. माडगूळकर यांची, संगीत दत्ता डावजेकर यांचे. १९६४ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मराठीतील उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, याच कथेवर राज खोसला यांनी 'मेरा साया' हा हिंदी चित्रपट काढला. साधना आणि सुनील दत्त यांच्या त्या चित्रपटामुळे ही कथा देशभर पोहोचली. तिचे मूळ मराठी आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

दोन्ही चित्रपटांचा सांगाडा एकच आहे. एका पुरुषाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. तो शोकात असतानाच पोलिसांनी एका दरोडेखोर स्त्रीला पकडल्याची वार्ता येते. तिचा चेहरा हुबेहूब त्याच्या मृत पत्नीसारखा आहे आणि आपणच त्याची पत्नी आहोत, असे ती सांगत आहे. खटला उभा राहतो. ज्या गोष्टी केवळ पतिपत्नीलाच ठाऊक असाव्यात, त्या ती एकामागून एक सांगू लागते. पतीच्या मनात क्षणभर विश्वास चमकतो आणि पुन्हा मालवतो; कारण पत्नीला चितेवर पोहोचवणारा तोच आहे.

अखेरीस उलगडा होतो तो असा. पत्नीला एक जुळी बहीण होती. तीच गुन्हेगारांच्या टोळीत सापडलेली होती. आश्रयासाठी आलेली ती बहीण पत्नीच्या जागी मरण पावली आणि टोळीच्या हाती सापडली ती खरी पत्नी. न्यायालयात जिला तोतया ठरवले जात होते, तीच खरी होती. कादंबरीच्या शीर्षकातील 'आशा' हा शब्द त्यामुळे दोन अर्थांनी वाचता येतो.

आता ज्ञानाच्या वाटपाच्या दृष्टीने पाहा. प्रेक्षकाला पतीपेक्षा अधिक काहीही सांगितलेले नाही. हिचकॉकच्या व्याख्येनुसार ही उत्कंठेची रचना ठरत नाही. तरीही प्रेक्षक जागेवर खिळून राहतो. याचे कारण असे की, त्याच्याकडे माहिती कमी नाही. परस्परविरोधी माहिती आहे. डोळ्यांनी मृत्यू पाहिला आहे आणि कानांनी जिवंतपणाची खूण ऐकली आहे. डोळे आणि कान यांच्यातील हा तंटा म्हणजेच 'पाठलाग'. चित्रपटातील आशा भोसले यांनी गायलेले सर्वपरिचित गीतही पाठ न सोडणाऱ्या डोळ्यांचेच आहे, हे ध्यानात घ्यावे.

शीर्षकाचाही विचार करू. 'पाठलाग' हा शब्द 'पाठीस लागणे' या क्रियेचे स्मरण करून देतो. पण कोण कोणाच्या पाठीस लागले आहे? कायदा स्त्रीच्या, स्त्री पतीच्या, पतीची स्मृती पतीच्या. 'मेरा साया' या हिंदी शीर्षकात सावली आहे. सावलीला स्वतःची इच्छा नसते. मराठी शीर्षकातील स्त्री मात्र आपले स्थान परत मागत चालत येते.

४.६ ओळखीचा पुरावा : भाषा आणि तिची मर्यादा

या चित्रपटात गुप्तहेर नाही. पती हाच शोध घेणारा आहे आणि या निर्णयात ज्याचे सर्वस्व गुंतले आहे, असाही तोच आहे. पुरावा म्हणून समोर येते ती भाषा. प्रत्येक संसाराची एक खासगी बोली असते. लाडाची नावे, अर्ध्यावर सोडलेली वाक्ये, कधी काळच्या भांडणातील एखादा शब्द – तिसऱ्याला यांचा अर्थ लागत नाही. भाषेची ही सर्वांत लहान बोली. तिचे भाषक दोनच.

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२२ ने या दोघांच्या बोलीला संरक्षण दिले होते. वैवाहिक काळात पतिपत्नींमध्ये झालेले बोलणे उघड करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, असे त्या कलमाचे तत्त्व आहे. त्याला काही अपवादही आहेत. कायदा ज्या बोलण्याला उंबऱ्याच्या आत ठेवू पाहतो, तेच बोलणे या चित्रपटातील स्त्रीला भर न्यायालयात मांडावे लागते. त्या काळातील घरंदाज स्त्री पतीचे नावही चारचौघांत घेत नसे. घ्यायचे झाल्यास उखाण्यात गुंफून घेई. अशा समाजातील स्त्रीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून शयनगृहातील गोष्टी सांगाव्या लागणे, यातील अपमान तिच्यावरील आरोपापेक्षा कमी नाही. 'रहस्य' म्हणजे एकांतातील गोष्ट, हा मूळ अर्थ येथे पुन्हा आठवा.

आणि इतके करूनही तिचे म्हणणे सिद्ध होत नाही. का? कारण माहिती चोरता येते. तिने जे जे सांगितले, ते ते खऱ्या पत्नीकडून कोणीतरी काढून घेतले असेल, असा बचाव नेहमीच शिल्लक राहतो. म्हणजे ती जितके अचूक बोलेल, तितका तिच्यावरील संशय वाढतो. आणि एक जरी चूक झाली, तरी ती खोटी ठरते. बरोबर उत्तरही विरोधात आणि चुकीचे उत्तरही विरोधात, अशी ही कोंडी आहे.

मराठी इतिहासाला ही कोंडी अपरिचित नाही. १७६१ च्या पानिपतच्या रणसंग्रामात सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयीचा संशय मागे राहिला. काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणणारा एक इसम पुढे आला. त्याच्यामागे लोक जमले, बंड झाले, चौकशी झाली आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. न. चिं. केळकर यांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे. तेव्हापासून 'तोतया' हा शब्द मराठी मनात घर करून आहे. इतिहासात खोटा माणूस खरा म्हणून आला. 'पाठलाग'मध्ये खरी स्त्री खोटी म्हणून उभी केली जाते. तोतयाला शोधून काढण्यासाठी समाजाने जी साधने तयार केली, तीच खऱ्या माणसावर उलटली तर काय होते, हे चित्रपट दाखवतो.

मग अखेरीस तिची ओळख पटते ती कशाने? येथे कथानकातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. पतीला जे ठाऊक होते, त्याने ती पटत नाही. त्याला जे कधीच ठाऊक नव्हते, त्याने पटते. जुळ्या बहिणीची हकीकत पत्नीने पतीपासून लपवून ठेवलेली असते. कुळाला बट्टा लागेल, घरातील मान जाईल, ही भीती त्यामागे आहे. आपण आपल्या पत्नीला पूर्ण ओळखतो, अशी पतीची समजूत होती. प्रत्यक्षात त्याला ठाऊक होती ती केवळ 'त्याची पत्नी'; त्यापलीकडची मुलगी, बहीण, एक स्वतंत्र माणूस त्याच्या नोंदीत नव्हते. ज्या क्षणी तो ते ऐकून घेतो, त्या क्षणी ती 'ती' ठरते. ओळख म्हणजे जुन्या नोंदीशी जुळणी करणे नव्हे, समोरच्याचे नवे बोलणे ऐकून घेण्याची तयारी, असा या कथानकाचा निष्कर्ष काढता येतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) 'पाठलाग' कोणत्या कादंबरीवर आधारित आहे?
(आ) अचूक उत्तरे देऊनही स्त्रीवरील संशय का वाढतो?
(इ) तोतयाचे प्रकरण आणि 'पाठलाग' यांत कोणता उलटा संबंध आहे?

४.७ दिग्दर्शकाची आशयसूत्रे

राजा परांजपे यांचे नाव रहस्यपटासाठी प्रसिद्ध नाही. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या सहयोगाने त्यांनी जे चित्रपट केले, त्यांतील 'लाखाची गोष्ट' (१९५२), 'पेडगावचे शहाणे' (१९५२), 'ऊन पाऊस' (१९५४), 'जगाच्या पाठीवर' (१९६०) हे मराठी प्रेक्षकांनी मनापासून जपले. यांत विनोद आहे, करुणा आहे. पिस्तूल किंवा पिंजरा नाही. मग 'पाठलाग' हा अपवाद मानायचा का?

जरा खोलवर पाहिले, तर एक धागा दिसतो. 'पेडगावचे शहाणे' या शीर्षकात 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा आपला वाक्प्रचार आहे. वेड पांघरता येते, म्हणजे ते वस्त्रासारखे वरचे असते. आतील माणूस निराळाच असतो. वेडा कोण आणि शहाणा कोण, या गोंधळातून तेथे हसू निर्माण होते. 'ऊन पाऊस'मध्ये मुलांच्या लेखी अडगळ ठरलेले शिक्षक आईवडील आहेत. ज्यांनी जन्मभर दिले, त्यांना घरातील ओझे म्हणून ओळखले जाते. जगाने माणसाच्या कपाळी लावलेली चिठ्ठी आणि प्रत्यक्ष माणूस यांच्यातील अंतर, हे परांजपे यांचे आवडते क्षेत्र आहे. हे अंतर विनोदी चित्रपटात हसवते, कौटुंबिक चित्रपटात रडवते आणि 'पाठलाग'मध्ये भिववते. प्रकार बदलला, प्रश्न बदलला नाही. 'पाठलाग'च्या पुढच्याच वर्षी त्यांनी 'पडछाया' (१९६५) हा चित्रपट दिला. त्या शीर्षकातही पुन्हा मूळ वस्तू आणि तिची छाया यांचेच नाते आहे.

राज खोसला यांच्याबाबत ही पुनरावृत्ती अधिक उघड दिसते. 'वो कौन थी?' (१९६४), 'मेरा साया' (१९६६) आणि 'अनिता' (१९६७) या तिन्ही चित्रपटांत साधना हीच नायिका आहे आणि तिन्हींत 'ही स्त्री नेमकी कोण?' हा पेच आहे. पहिल्याचे तर शीर्षकच प्रश्नार्थक आहे. 'वो कौन थी?'मध्येही जुळ्या बहिणींची युक्ती आहे. पण तेथे ती कारस्थानाचे साधन आहे. डॉक्टर असलेल्या नायकाला वेडा ठरवून वारसा हडपण्यासाठी स्त्रीचा चेहरा वापरला जातो. म्हणजे ओळख हरवते ती पाहणाऱ्या पुरुषाची. 'मेरा साया'मध्ये, मराठी कथेच्या आधारामुळे, ओळख हिरावली जाते ती स्त्रीची; मनोरुग्णालयात रवानगी होते तीही तिचीच.

हिचकॉकच्या चित्रपटांतही चुकीच्या ओळखीचे सूत्र सतत येते. 'द राँग मॅन' (१९५६) हा चित्रपट एका वादकाला चेहऱ्यातील साम्यामुळे दरोडेखोर समजून पकडल्याच्या सत्य घटनेवर आधारलेला आहे. 'व्हर्टिगो' (१९५८) मध्ये एक पुरुष समोरच्या स्त्रीला आपल्या मृत प्रेयसीसारखे कपडे, तसेच केस धारण करायला लावतो. ती तीच स्त्री आहे, हे त्याला ठाऊक नसते. ज्या फ्रेंच कादंबरीवरून 'व्हर्टिगो' घेतला, तिने हे रहस्य शेवटपर्यंत राखले होते. हिचकॉकने ते प्रेक्षकाला बरेच आधी सांगून टाकले. त्यामुळे धक्क्याची जागा उत्कंठेने घेतली आणि आपण त्या पुरुषाकडे नव्हे, तर त्या स्त्रीकडे काळजीने पाहू लागतो.

परांजपे यांनी रहस्य अखेरपर्यंत राखले. या निवडीची किंमत आहे आणि मोबदलाही आहे. किंमत अशी की, पहिल्यांदा पाहताना त्या स्त्रीचे दुःख आपल्याला पूर्णपणे जाणवत नाही. कारण आपणही तिच्यावर संशय घेत असतो. मोबदला असा की, सत्य कळल्यावर आपण आपल्याच संशयाचे साक्षीदार ठरतो. न्यायालयातील प्रेक्षागृहात बसून आपणही तिला खोटी म्हटलेले असते. म्हणून हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा. दुसऱ्या वेळी तो रहस्यपट राहत नाही. एका खऱ्या स्त्रीला कोणीच ओळखत नाही, याची ती कहाणी होते.

४.८ चित्रपटाबाहेर

आपल्यापैकी अनेकींना हा प्रश्न पडद्यावर पाहण्याची गरज नाही. संपर्कसत्राच्या पहिल्या दिवशी प्रवेश अर्ज तपासताना मला तो दरवर्षी भेटतो. हिंगणघाट तालुक्यातील एका खेड्यातून आलेल्या, दोन मुलांची आई असलेल्या एका विद्यार्थिनीने एकदा माझ्यापुढे दोन कागद ठेवले होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. लग्नात नाव बदलण्याची रीत तिच्या सासरी होती. त्यामुळे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे तिन्ही घटक बदलले होते. दोन कागदांत समान असे एकही अक्षर नव्हते. मध्ये वीस वर्षांचे अंतर असल्यामुळे छायाचित्रांतील चेहराही जुळत नव्हता. "मॅडम, ती मीच, हे सांगायला मी आणखी काय आणू?" एवढेच तिने विचारले.

प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, शासकीय राजपत्रातील नाव बदलाची सूचना – मार्ग असतात आणि आपण ते पूर्ण करून घेतो. पण विचार करा : मराठी पुरुषाचे नाव जन्मापासून मृत्यूपर्यंत बहुधा एकच राहते, स्त्रीला मात्र आपण तीच आहोत, हे सिद्ध करण्यासाठी साक्षीदार लागतो, आणि तो बहुधा पतीच असतो. पतीने 'ही माझी पत्नी' म्हटले, तर ती ती. त्याने नाकारले, तर? 'पाठलाग'ची भीती नेमकी येथून उगवते. जुळी बहीण ही कथेची सोय आहे. दरोडेखोरांची टोळी हीही सोय आहे. त्या काढून टाकल्या, तरी प्रश्न उरतो.

त्या विद्यार्थिनीने पुढे पदवी पूर्ण केली. प्रमाणपत्रावर कोणते नाव हवे, हे तिला विचारले, तेव्हा तिने बराच वेळ विचार केला. निर्णय तिचा होता, म्हणून तो येथे सांगत नाही.

४.९ सारांश

रहस्य, उत्कंठा आणि धक्का यांतील फरक ज्ञानाच्या वाटपावर अवलंबून असतो. रहस्यकथेच्या 'कोणी केले?', 'आता काय होईल?' आणि 'ही कोण?' या तीन प्रश्नांपैकी 'पाठलाग' तिसऱ्या प्रश्नावर उभा आहे. त्यात डोळ्यांचा पुरावा आणि भाषेचा पुरावा यांचा संघर्ष आहे. पतिपत्नींची खासगी भाषा ओळख सिद्ध करू पाहते. पण माहिती चोरता येत असल्याने ती अपुरी पडते. पतीला ठाऊक नसलेल्या सत्याने अखेर पत्नीची ओळख पटते. माणसावर लावलेली चिठ्ठी आणि प्रत्यक्ष माणूस यांतील अंतर हे राजा परांजपे यांचे आशयसूत्र विनोदी चित्रपटांपासून 'पाठलाग'पर्यंत टिकून आहे. राज खोसला आणि हिचकॉक यांच्या चित्रपटांत त्याच सूत्राची निरनिराळी रूपे दिसतात.

४.१० स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) एकांत. (आ) कोणाला काय आणि केव्हा ठाऊक आहे, या ज्ञानाच्या वाटपामुळे. (इ) ते क्रियापदरहित वाक्य असून त्यात दर्शक सर्वनाम आहे.

प्रश्न २ : (अ) 'आशा परत येते' – जयंत देवकुळे. (आ) ती माहिती खऱ्या पत्नीकडून मिळवलेली असू शकते, असा बचाव शिल्लक राहतो म्हणून. (इ) तोतया खोटा असून खरा म्हणून आला; 'पाठलाग'मधील स्त्री खरी असून खोटी ठरवली जाते.

४.११ सरावासाठी स्वाध्याय

१. 'पाठलाग' किंवा 'मेरा साया' पाहा. न्यायालयातील प्रसंगांत पती आणि आरोपी स्त्री परस्परांना कोणत्या सर्वनामांनी संबोधतात, याची नोंद करा. संबोधन बदलते तो क्षण कोणता आणि त्याचा अर्थ काय, ते दीडशे शब्दांत लिहा.

२. पिशवीच्या उदाहरणाप्रमाणे आपल्या परिसरातील एखादा प्रसंग निवडून तो एकदा धक्क्याच्या आणि एकदा उत्कंठेच्या पद्धतीने लिहा.

३. आपल्या कुटुंबातील एका ज्येष्ठ स्त्रीला तिची आजवरची सर्व नावे विचारा : माहेरचे, लाडाचे, सासरचे, कागदोपत्री असलेले. कोणत्या नावाने हाक मारली, तर तिला आपल्यालाच हाक मारली असे वाटते, हेही विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून काढा.